गहाणखतावर उभा राहिलेला धंदा

1912 साली दादरच्या मेन रोडवर धुंडिराज गोविंद फाळके यांच्याकडे कामाला लागलेल्या माणसांना एक गोष्ट बजावलेली असे. कुठे नोकरी करता, असं कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ असं सांगायचं. नाटकात काम करणाऱ्यालाच त्या काळी कुणी धड घर देत नव्हतं, मुलगी देत नव्हतं. सिनेमा म्हणजे काय, हे तर ठाऊकच नव्हतं. फॅक्टरी मात्र सगळ्यांना कळत होती. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, महिन्याला पगार. परेश मोकाशी यांनी 2009 साली फाळक्यांवर चित्रपट केला तेव्हा नाव तेच ठेवलं, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. कफल्लक निर्मात्याची हकिगत सांगणारा इतका प्रसन्न विनोदी चित्रपट मराठीत दुसरा नाही. आणि त्यातला विनोद बराचसा घडलेल्या गोष्टींतूनच आलेला आहे.

फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, 1870चा जन्म. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफी, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम, मग स्वतःचा छापखाना, भागीदारांशी बेबनाव, आणि चाळिशीत हात रिकामे. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. आडनाव उलटं वाचलं की झालं. 1911च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला आणि पडद्यावर कृष्ण का नाही, राम का नाही, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच. दिवसरात्र सिनेमे पाहून, फिल्मचे तुकडे न्याहाळून त्यांची दृष्टी काही काळ गेली; डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. हेही चित्रपटात आहे आणि खरंही आहे.

पण पैसा? बारा हजारांची विमा पॉलिसी त्यांनी गहाण टाकली आणि तिच्यावर दहा हजार उचलले. त्या पैशातून 1 फेब्रुवारी 1912 रोजी ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी या वेड्या साहसातून त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचं दार उघडून दिलं. फाळके विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवून परतले. यंत्र आलं, भांडवल मात्र संपलं. सावकाराला दाखवायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिनाभराने त्यांच्याकडे मिनिटभराची फिल्म तयार होती: बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो. ती पाहून पैसे द्यायला माणूस तयार झाला.

मराठी चित्रपटाच्या निर्मात्याचं पहिलं काम त्या कुंडीत दिसतं. कॅमेरा, कथा, नट हे सगळं नंतरचं. आधी एका माणसाला खात्री पटवून द्यायची की तुझे पैसे उगवतील.

त्यानंतर घरातल्या वस्तू बाहेर जाऊ लागल्या. फाळक्यांचं डोकं फिरलंय अशी शेजाऱ्यांची आणि स्नेह्यांची खात्रीच झाली होती. एका मित्राने तर त्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवायची तयारी चालवली होती, असं फाळक्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. मोकाशींनी ते दृश्य रंगवलंय, पण त्यात करुणेचा सूर लावलेला नाही. नंदू माधव यांचे फाळके सगळ्या संकटांकडे नव्या खेळण्याकडे बघावं तसे बघतात. कपाट विकलं तर खोलीत जागा झाली, एवढाच त्यांचा हिशेब. ही निवड सोपी नव्हती. भारतीय चित्रपटाचा जनक म्हटलं की हार घातलेली तसबीर डोळ्यांपुढे येते. तिच्यातून हसतं-खेळतं कुटुंब बाहेर काढायला धाडस लागतं.

कुटुंब हा शब्द इथे पूर्ण अर्थाने घ्यायला हवा. सरस्वतीबाई, म्हणजे सगळ्या कंपनीच्या काकी, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या कडांना भोकं पाडत. रसायनं कालवत. उन्हाचा उजेड नटाच्या तोंडावर यावा म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत. थोरला मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला. विभावरी देशपांडे यांनी रंगवलेल्या काकी पाहताना लक्षात येतं की या धंद्यात निर्मात्याच्या बायकोचा भाग कुठल्याही गहाणखतावर लिहिलेला नसतो, पण पहिली सही तिचीच असते.

तारामती कोण, हा तर मोठाच प्रश्न होता. जाहिरात दिली, वारांगनांच्या वस्तीत जाऊन विनवण्या केल्या, कुणी तयार होईना. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांचे हात नाजूक दिसले. तिथे महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. हेच साळुंके पुढे ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांना मिशी काढायला सांगितली तेव्हा मात्र कामच अडलं. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, असा रिवाज. एकेकाच्या घरी समजूत काढावी लागली. वांगणीला चित्रीकरण होतं तेव्हा तर तलवारी-भाले घेतलेली टोळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असंच वाटलं आणि सगळी मंडळी ताब्यात घेतली गेली. फाळक्यांनी पोचून कॅमेरा उघडला, फिल्म न घालताच ‘शूटिंग’ करून दाखवलं आणि आपली माणसं सोडवून आणली. विनोदी चित्रपटाचा लेखक असले प्रसंग कल्पनेने रचायला बसला असता तर कुणीतरी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. लांबी 3,700 फूट. 21 एप्रिल 1913 रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. त्याच कार्यक्रमात नाच, नकला आणि पायांनी कसरत करणारा जगलरही होता, कारण नुसत्या सिनेमावर तिकीट खपेल याचा भरवसा नव्हता. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. मालाचं वजन आणि लांबी सांगून खपवायची ही युक्ती चालली. फाळके उत्तम दिग्दर्शक होतेच. पण या जाहिरातीत दिसतो तो जातिवंत निर्माता.

मोकाशींचा चित्रपट फाळके दुसऱ्यांदा लंडनला जाऊन येतात तिथवर थांबतो. तिथे त्यांना नोकरी देऊ केली जाते, ते नाकारतात. पुढची हकिगत त्यात नाही, आणि ती हसण्याची नाहीही. 1914ला महायुद्ध सुरू झालं, सावकारांनी हात आखडता घेतला. फाळक्यांनी भांडवल उभारण्यासाठी जाहीर आवाहनं केली. टिळकांसारख्यांची सहानुभूती होती, पण कंपनी उभी राहिली नाही. 1917च्या ‘लंका दहन’ने भरपूर पैसा आणला, तेव्हा तेच भांडवलदार आपणहून आले. 1918 साली वामन श्रीधर आपटे आणि इतरांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि थोड्याच अवधीत भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले. ते परतले, पुन्हा चित्रपट केले, 1937ला कोल्हापुरात ‘गंगावतरण’ केला. पण मालकी पूर्वीसारखी त्यांच्या हातात राहिली नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते जवळजवळ विस्मरणात गेले होते.

कोल्हापूरचीही हीच वाट. बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा हाताने घडवला, पण महाराष्ट्र फिल्म कंपनीला पहिलं भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी. त्या कंपनीचा ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. 1929ला प्रभात निघाली ती सराफीचा व्यवसाय असलेल्या सीतारामपंत कुलकर्णी यांच्या पंधरा हजारांवर. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांच्याकडे होतं ते कसब. 1933ला प्रभात पुण्याला आली, 1936च्या ‘संत तुकाराम’चं पुढच्या वर्षी व्हेनिसला कौतुक झालं, आणि 1950च्या दशकात तीही बंद पडली. तिच्या आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभं राहिलं, तर 1964ला पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या वारसांकडून जे काही रीळ मिळवलं ते इथे जपलं गेलं. ‘राजा हरिश्चंद्र’चं आज हाताशी असलेलं रीळ 1913चं की फाळक्यांनी 1917ला पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मोकाशींना फाळक्यांचं कुटुंब भेटलं ते बापू वाटवे यांनी लिहिलेल्या फाळके-चरित्रात.

संहिता घेऊन त्यांनी निर्मात्यांचे उंबरठे झिजवले. तीनेक वर्षं गेली. शेवटी त्यांनी आपलं घर गहाण टाकलं आणि चित्रपट सुरू केला. ज्याच्यावर चित्रपट करायचा त्याचाच कित्ता शंभर वर्षांनी गिरवावा लागला, आणि तरीही पडद्यावर कडवटपणाचा लवलेश नाही. हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. त्याआधी मराठीला तो मान 2004च्या ‘श्वास’मुळे मिळाला होता, आणि तिथेही प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. प्रवेशिका ठरल्यानंतरही ‘फॅक्टरी’ चित्रपटगृहात लागायला 29 जानेवारी 2010 उजाडला, तोही यूटीव्हीसारखी मोठी कंपनी पाठीशी आल्यावर.

चित्रपट तयार करणं हे निम्मंच काम. दादरच्याच कोहिनूर थिएटरमध्ये 1971 साली दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ हिंदी चित्रपटासाठी बाजूला सारला जात होता. कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक उतरले, ‘सोंगाड्या’ लागला आणि प्रचंड चालला. मराठी निर्मात्याची धाव तोवर सावकारापर्यंत होती. आता ती राजकारण्यापर्यंत गेली. 1970च्या दशकात राज्य सरकारने करपरताव्याची योजना आणली. चित्रपटाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळे, पण पुढचा मराठी चित्रपट काढण्याच्या अटीवर. अट योग्यच होती. तिच्यामुळे घर मोडून एकच चित्रपट काढणारा माणूस दुसऱ्या चित्रपटापर्यंत टिकू लागला. पुढे परतावा गेला आणि दर्जानुसार अनुदान आलं.

अनुदान आलं तरी प्रेक्षक गाठावाच लागतो, आणि तो आता नव्या उपनगरांत राहतो. 1997ला पुणे महापालिकेत आलेलं खराडी मुळा-मुठेच्या काठचं गाव होतं. आज तिथे इऑन आयटी पार्क आहे आणि ‘कंपनीत आहे’ हे उत्तर वधूवरांच्या बैठकीत चालण्यासाठी कुणाला कसली फॅक्टरी पुढे करावी लागत नाही. अशा उपनगरातला प्रेक्षक सिनेमाला जातो तो नगर रस्त्यावरच्या मॉलमध्ये. मराठी निर्मात्याचं गणित त्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं. तो संध्याकाळी सहानंतर सुटतो. दुपारी बाराचा खेळ त्याच्यासाठी नसल्यासारखाच. एप्रिल 2015मध्ये राज्याचे तत्कालीन सांस्कृतिक कार्य मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं करण्याची घोषणा केली, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि तडजोडीत वेळ झाली दुपारी बारा ते रात्री नऊ. कागदावर मराठीला नऊ तासांची मुभा मिळाली. प्रत्यक्षात निर्मात्याला हवा होता तो संध्याकाळचा खेळ पुन्हा घासाघिशीवर आला, आणि शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचे सोमवारी किती खेळ उरतात, हे मॉलच्या वेळापत्रकात पाहण्याची वेळ त्याच्यावर आली.

मोकाशींनी त्यानंतर 2014ला ‘एलिझाबेथ एकादशी’ केला. पंढरपूरच्या एका घरात कर्ज फिटावं म्हणून सायकल विकायची वेळ येते, आणि ती वाचवायला मुलं यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. त्यातलीही मुलं हसत-खेळत हिशेब करतात.