कल्याणचा सत्यंकार

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे गाव शरणांच्या अनुभवमंटपामुळे सर्वपरिचित आहे. परंतु हीच एके काळी चालुक्यांची राजधानी कल्याण होय, आणि सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका येथेच रचली, याचे स्मरण थोड्यांनाच असते. वारसा व वाटणी यांपुरतेच या टीकेचे नाव आपण घेतो. वस्तुतः विक्रीचे वचन देऊन ऐन वेळी फिरणाऱ्या विक्रेत्याचाही विचार तीत बारकाईने केलेला आहे.

सौदा ठरताना अंगठीसारखी एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती ठेवीत. तिला 'सत्यंकार' म्हणत. बोललेले खरे करून दाखविण्याची ती खूण. देणाराच फिरला तर त्याची अंगठी बुडाली. घेणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करावी. कन्नडात इसाराला 'संचकार' म्हणतात, तो या सत्यंकाराचाच वंशज. त्याच भाषेत 'जिवाला संचकार' म्हणजे जिवावरचे संकट! शब्दाच्या नशिबी असे अर्थांतर का आले असावे, हे इसार देऊन बसलेल्यास सांगावयास नको.

मूल्य घेऊनही वस्तू न देणे हे नारदाच्या अठरा विवादपदांपैकी एक. त्याचे नाव 'विक्रीयासंप्रदान'. वस्तू स्थावर असेल तर मधल्या काळात विक्रेत्याने तिचा जो उपभोग घेतला, तोही त्याने भरून द्यावा. एकाला विकलेली वस्तू दुसऱ्यास विकणाऱ्याला मूल्याच्या दुप्पट दंड. भूमीच्या हस्तांतराला गाव, आप्त, शेजारी व दायाद यांची अनुमती सांगितली आहे. त्यावर विज्ञानेश्वराचा खुलासा मोठा व्यवहारी आहे: गावाची अनुमती व्यवहार उघड व्हावा म्हणून, शेजाऱ्यांची पुढे सीमेचा तंटा उद्भवू नये म्हणून.

पुढे राज्ये पालटली. निजामाच्या अमलात न्यायालयाची भाषा उर्दू झाली आणि खरेदीखताचा 'बैनामा' झाला. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) म्हैसूर राज्यात गेले, तर जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यास मिळाले. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिल्या आणि वडिलार्जित घरेही. सुदैवाने कराराचा कायदा दोन्हीकडे एकच आहे.

त्या कायद्यात सत्यंकाराची दुप्पट अद्याप डोकावते. 'विक्रेता फिरल्यास इसाराची दुप्पट रक्कम देईल' असे कलम करारात घातले जाते. भाव चढले की विक्रेता ती रक्कम पुढे करतो आणि आपण मोकळे झालो असे समजतो. ही समजूत चुकीची आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम २३ सांगते की, रक्कम केवळ करार पाळला जावा म्हणून लिहिलेली असेल, तर तिच्यामुळे घरच मागण्याचा हक्क बुडत नाही. पैसे देऊन सुटण्याची मुभा विक्रेत्याला खरोखरच दिलेली असेल, तर गोष्ट वेगळी.

अर्थात केवळ कराराने घर आपले होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ तसे स्पष्ट बजावते. करारपूर्तीचा दावा लावणाऱ्याने आपण आपला भाग पुरा करण्यास सदैव सिद्ध व राजी होतो, हे शाबीत केले पाहिजे. उरलेल्या रकमेची तजवीज आणि वेळीच पाठविलेली लेखी नोटीस येथे उपयोगी पडते. करारात ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांची मुदत असते. पूर्वी असा हुकूम देणे न्यायालयाच्या विवेकावर होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो विवेक बराच आवरला. घर मिळत नसेल तर इसार परत मिळावा, ही मागणी त्याच दाव्यात पर्यायी म्हणून घालावी. न मागितलेली रक्कम न्यायालय आपण होऊन देत नाही. करार ठाऊक असूनही मागाहून ते घर विकत घेणाऱ्यावर तो करार बंधनकारक राहतो.

विक्रेता फिरण्याचे कारण पुष्कळदा भाव नसून भाऊबंद असतात. घर एकत्र कुटुंबाचे, इसार घेतलेला एकट्या थोरल्याने, आणि बाकीचे म्हणतात, आम्हांला विचारले कोणी? येथे गाठ पुन्हा मिताक्षरेशीच पडते, कारण तिच्या मते वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. कर्नाटकाने १९९४ मध्ये अविवाहित कन्यांना आणि संसदेने २००५ मध्ये सर्वच कन्यांना हा हक्क दिला. विज्ञानेश्वराच्या दायादांत आता बहिणीही आल्या. त्यांची सही इसारपावतीवर आहे की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे लागते.