बेंझिनचा रेणू आणि कामगाराचे रक्त

आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. रसायनशास्त्र शिकलो ते पाळी सुटल्यावर, उसन्या पुस्तकांतून. तेव्हा सभेतील प्राध्यापकांनी चूकभूल सांभाळून घ्यावी. आमचा प्रश्न साधा होता. यंत्रावरच्या ग्रीसने माखलेले हात नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाहीत, रॉकेलाने होतात. असे का?

उत्तराची किल्ली १९१२ साली पीटर डिबाय या डच शास्त्रज्ञाने दिली. काही रेणूंत विद्युत्‌भार सारखा वाटलेला नसतो, हे त्याने दाखविले. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू ऑक्सिजनशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून बसतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो; एक बाजू ऋण, दुसरी धन होते. हा ध्रुवीय रेणू. बेंझिनचे सहा कार्बन मात्र सपाट षट्‌कोनात बसलेले. तेथे रस्सीखेच बरोबरीत सुटते, म्हणून तो अध्रुवीय. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, तेलाला आत शिरकाव देत नाहीत. तेल, ग्रीस, रबर, बेंझिन ही दुसरी बिरादरी. ती आपसांत सहज मिसळते. डिबायला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रबराच्या कारखान्यांनी बेंझिन जवळ केले ते याच गुणामुळे. रबर विरघळवते आणि चटकन उडून जाते. उडून जाते कोठे? कामगाराच्या छातीत! स्वीडनमध्ये सायकलचे टायर करणाऱ्या तरुण स्त्रिया बेंझिनने दगावल्याची नोंद सांटेसन या डॉक्टरने १८९७ सालीच केली होती. त्यांच्या शरीरात नवे रक्तच पुरेसे होईना. रेणूचा उलगडा होण्याआधी पंधरा वर्षे!

पुढे कळले ते अधिक विलक्षण आहे. लघवी म्हणजे मुख्यतः पाणी; त्यात बेंझिन विरघळत नाही. म्हणून यकृत त्याला ऑक्सिजन जोडून ध्रुवीय करू पाहते. या खटपटीत फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ तयार होतात आणि जेथे रक्त घडते त्या अस्थिमज्जेतच घात करतात. शरीराची सफाई शरीरावरच उलटते.

१९४८ साली अमेरिकेतील तेल-उद्योगाच्याच संस्थेने मान्य केले की बेंझिनचे पूर्ण सुरक्षित प्रमाण फक्त शून्य. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बेंझिनविषयक करार १९७१ चा. भारताने त्याला मान्यता दिली १९९१ साली. १८९७ पासूनची वजाबाकी श्रोत्यांनीच करावी.

आमच्या एका कारखान्यात डब्यावर नुसते ‘थिनर’ लिहिलेले असे. आत काय आहे, एवढे लेखी विचारायला आम्हांला दोन सभा घ्याव्या लागल्या.