मॉल्टिंग हाउसचा ससा

बालवाडीत प्राणी का पाळावेत, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे ठरलेले असते: मुलांना माया लागते, जबाबदारी कळते. ते खोटे नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०९च्या ग्रंथात हेच मांडले होते. आपण दाणापाणी विसरलो तर हा जीव उपाशी राहील, हे ओळखून मूल न सांगता लक्ष ठेवू लागते आणि पिल्लाची वाट पाहताना धीर धरायला शिकते.

पण मला या इतिहासातील अधिक मोलाचा पुरावा केंब्रिजच्या मॉल्टिंग हाउस शाळेत दिसतो. जेफ्री पाइक यांनी १९२४ मध्ये ही शाळा काढली आणि सुसान आयझॅक्स यांच्या हाती सोपवली. मुलांना मोकळे सोडायचे आणि ती काय करतात, काय बोलतात ते टिपून ठेवायचे, ही तिथली रीत. शाळेत प्राणीही पाळलेले होते.

जुलै १९२५ मध्ये तिथला ससा आजारी पडला. मुलांनी त्याला ऊन दूध पाजले, तरी रात्रीत तो गेला. पोट हलत नाही, म्हणजे तो मेला, असे एकाने ताडले. पाण्यात ठेवला तर जिवंत होईल, असे दुसरा वडिलांच्या हवाल्याने म्हणाला. आयझॅक्स यांनी त्याला खोडून काढले नाही. ससा पाण्यात ठेवला. तो पाण्याबरोबर गोल फिरू लागताच एकाला तो जिवंत वाटला. तेव्हा त्यांनी पाण्यात एक काडी टाकली. तीही तशीच फिरली आणि काडी जिवंत नाही, हे मुलांनी मान्य केले. मग सशाला पुरले. दुसऱ्या दिवशी, तो आकाशात गेला असेल, असे म्हणत मुलांनी उकरणे सोडून दिले, तर आयझॅक्स स्वतः त्यांच्याबरोबर उकरू लागल्या. ससा जागेवरच होता.

हलते ते जिवंत, अशी लहान मुलांची समजूत असते, हे जाँ पियाजे यांनी त्याच दशकात मांडले. केंब्रिजच्या नोंदीत ती समजूत दिसते आणि एका काडीने तिला धक्का बसलेलाही दिसतो. चित्रातल्या सशाने हे घडले नसते.

आयझॅक्स यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. १९३३च्या पुस्तकात मुलांच्या प्राण्यांशी क्रूर वागण्याच्या नोंदी आहेत. मायेच्या जोडीला मुलांत क्रौर्यही असते. म्हणून पिंजरा आणून ठेवला की संस्कार झाले, असे होत नाही. शेजारी जाणते माणूस लागतेच.

आपल्याकडे प्रश्न उलटा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबादला नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. जनावरांची जबाबदारी या मुलांना शिकवायची नव्हती, ती त्यांच्या अंगावर आधीच पडली होती. शाळेने तिला कमीपणा मानला नाही, एवढेच महत्त्वाचे.

आज शहरातील बालवाडीत भिंतीवर ससा असतो. खरा असलाच आणि मेला, तर मुले यायच्या आत तसाच दुसरा आणून ठेवावा, असे अनेक पालकांना वाटेल. हेतू चांगलाच असतो. पण चार वर्षांच्या मुलाला पडलेला सर्वांत मोठा प्रश्न आपण त्याच्या हातून काढून घेतो, आणि तो विचारायला पुढे कोणी सोबत असेलच असे नाही.