कुलूपबंद दिवाणखाना : ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे पहिले काही तास

मागच्या खेपेला आपण मोक्षपटाबद्दल बोललो. परंपरेनं ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला गेलेला तो सापशिडीचा पट. साप गिळतो, सोंगटी खाली येते, आणि वर चढताना जे काही झालं त्याचा मागमूस राहत नाही. आज तिथून एकदम जपानमध्ये, १९८६ सालात जायचं आहे. पडल्यावर माणसाजवळ काय उरतं, या प्रश्नाला त्या पटानं एक उत्तर दिलं होतं. आजच्या खेळानं दिलेलं उत्तर जवळजवळ उलटं आहे.

खेळाचं नाव ‘ड्रॅगन क्वेस्ट’. २७ मे १९८६ रोजी तो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी बाजारात आला. प्रकाशक एनिक्स, रचना युजी होरिई यांची, प्रोग्रॅमिंग कोइची नाकामुरा यांच्या चुनसॉफ्ट कंपनीचं. चित्रं अकिरा तोरियामा यांची, म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’वाले. संगीत कोइची सुगियामा यांचं. या सुगियामांची हकिगत सांगायलाच हवी. पन्नाशी ओलांडलेला हा नामवंत संगीतकार एनिक्सचा बुद्धिबळासारखा एक खेळ, शोगी, खेळला आणि डब्यातलं अभिप्रायाचं कार्ड भरून त्यानं कंपनीला पाठवलं. कंपनीतल्या लोकांना आधी खरंच वाटेना की हे तेच सुगियामा!

आता थोडी पूर्वपीठिका. अशा तऱ्हेचे खेळ होरिईंनी शोधून काढले नाहीत. अमेरिकेत १९८१ साली ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन खेळ ॲपल संगणकावर आले होते, आणि होरिई व नाकामुरा दोघेही त्यांच्यावर लुब्ध होते. पण ‘विझर्ड्री’ची सुरुवात पाहा. आधी सहा जणांची टोळी जमवा, प्रत्येकाचा वंश ठरवा, पेशा ठरवा, गुण वाटून द्या. एवढी कारकुनी उरकून भुयारात उतरलात आणि सगळे मेलात, तर प्रेतं तिथंच राहतात. ती आणायला दुसरी टोळी पाठवावी लागते. खेळ उत्तम, पण ज्याच्याकडे संगणक आहे, जाडजूड पुस्तिका वाचायची चिकाटी आहे, त्याच्यासाठी. फॅमिकॉम होता शाळकरी मुलांच्या घरात, टीव्हीला जोडलेला. त्याला कळफलक नाही. एक फुली, दोन बटणं, संपलं. होरिई त्या वेळी ‘शोनेन जम्प’ या मुलांच्या साप्ताहिकात लिहीत असत. आपला वाचक कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर आपण खेळायला बसू. प्रथम नाव विचारतात, चार अक्षरांत. मौज अशी की त्या अक्षरांवरून तुमचं सुरुवातीचं बळ, चपळाई वगैरे गुपचूप ठरतं. नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग पडदा उघडतो तो राजाच्या दिवाणखान्यात. राजा सांगतो : नागराजानं प्रकाशाचा गोळा पळवला आहे, तू वीर रोतोचा वंशज, तो परत आण. समोर तीन पेट्या आहेत. एकीत १२० सुवर्णमुद्रा, एकीत मशाल, एकीत किल्ली. दार बंद. त्या काळात नुसतं चालत जाऊन काही होत नसे. प्रत्येक कृतीसाठी यादीतून शब्द निवडावा लागे. बोल, घे, दार, जिना, तपास, असे आठ शब्द. आता बघा, या खोलीतून बाहेर पडायचं तर पेटीपाशी जाऊन ‘घे’ म्हणावं लागतं, दारापाशी ‘दार’, आणि जिन्यावर उभं राहून ‘जिना’. माहिती हवी तर पहारेकऱ्याशी ‘बोल’. इथं कोणी मारत नाही, वेळ मोजत नाही. खोली सुटली की भाषा आली. आम्ही पस्तीसेक वर्षं वर्गात तत्त्वज्ञान शिकवलं. पहिल्या दिवशी अभ्यासक्रमाची रूपरेषा फळ्यावर लिहून द्यायची आमची पद्धत होती. ही खोली तिच्यापेक्षा कितीतरी चांगली आहे.

बाहेर आलात की पहिल्याच दृश्यात तीन गोष्टी एकदम दिसतात. तुमचा किल्ला, शेजारचं गाव, आणि पाण्यापलीकडे आग्नेयेला शत्रूचा गड. हो, शेवटचा गड, पहिल्याच मिनिटाला! पाच घरं पूर्वेला, पाच दक्षिणेला. मध्ये पाणी. जायचं कुठं हे कोणाला विचारावं लागत नाही. कसं जायचं एवढंच शोधायचं, आणि त्यात सगळा खेळ जातो.

गावात दुकान आहे. बांबूची काठी १० मुद्रा, सोटा ६०, तांब्याची तलवार १८०. खिशात १२०. म्हणजे तलवार दिसते पण घेता येत नाही. सोटा घ्यावा आणि उरलेल्यातून अंगावर काही घालायला, की काठीवर भागवून औषधी पाल्यासाठी पैसे राखावेत? हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला पडतो आणि तो त्यावर गंभीरपणे विचार करतो. मूळ जपानी आवृत्तीत आणखी एक गंमत आहे. जागा वाचवण्यासाठी नायकाचं चित्र एकाच बाजूचं काढलेलं. तो कुठंही चालो, तोंड आपल्याकडेच. खेकड्यासारखा. म्हणून कोणाशी बोलायचं तर ‘बोल’ म्हटल्यावर दिशाही सांगावी लागे : उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. वीरानं पाठ दाखवू नये म्हणतात, यानं ते अक्षरशः पाळलं.

जागेची ही काटकसर थट्टेची बाब नव्हती. सगळा खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला. आज आपण फोनवर काढतो तो एक फोटोही त्यात मावणार नाही. जपानीत परकी नावं लिहायला काताकाना ही वेगळी लिपी लागते. तिची साधारण वीसच अक्षरं यात घेतली आणि राक्षसांची, मंत्रांची नावं तेवढ्या अक्षरांत बसतील अशी बेतली. आपल्याला कोणी सांगावं की क, म, र, ल एवढ्यांतच बारसं उरका, तसं.

मैदानात दोन पावलं टाकली की पहिला शत्रू : स्लाइम. होरिईंनी काढून दिला होता नुसता गाळाचा ढीग. तोरियामांनी त्याचा निळा, हसरा थेंब केला. त्याच्यात प्राण तीन. मारलात की अनुभवाचा एक गुण. सात गुण झाले की दुसरी पायरी, तेवीस झाले की तिसरी, आणि तिसरीला जखम बरी करणारा मंत्र येतो. साधारणपणे पूल ओलांडला की शत्रू बदलतात, जड होतात. कोणी पाटी लावलेली नाही. मार खाऊनच कळतं.

आणि मग आपण मरतो. पहिल्या तासात मरतोच. तेव्हा काय होतं? पुन्हा त्याच राजासमोर उभे. राजा चांगलीच हजेरी घेतो. खिशातल्या मुद्रा निम्म्या झालेल्या असतात. पण अनुभवाचा एकही गुण कमी होत नाही. विद्या चोराला नेता येत नाही हे आपण शाळेत पाठ केलं; इथं ते गणितात बसवलेलं आहे. धन अर्धं जातं, शिकलेलं सगळं राहतं. मोक्षपटावर साप हे दोन्ही नेतो. आर्केडच्या खेळांत तर बोटांची चपळाई हेच सर्वस्व होतं. नाणं संपलं की खेळ संपला. होरिईंनी मंद बोटांच्या मुलालाही सांगितलं, तू वेळ दे, तू जिंकशील. आमच्या मते या प्रकारच्या खेळांच्या इतिहासात याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही.

यावर आक्षेप असा येतो की ही तर रोजंदारी झाली, स्लाइम मारा आणि मजुरी घ्या. पुढच्या तासांबद्दल आम्हाला तो मान्य आहे. शेवटाकडे तेच तेच युद्ध तासन् तास करावं लागतं, ते लांबण लावणंच आहे. पहिल्या तासांना मात्र तो लागू नाही. तिथं प्रत्येक पायरीनं नकाशावरची एखादी जागा खुली होते. वायव्येला रोतोची गुहा आहे. आत काळोख, मशाल पेटवली तरी आजूबाजूचं एकेक घर उजळतं. खाली उतरावं तसं सुगियामांचं तेच संगीत खालच्या स्वरात आणि संथ होत जातं. जीव मुठीत धरून आपण जातो, आणि त्या गुहेत एकही राक्षस नाही. तळाला एक शिळा, तिच्यावर पूर्वजाचा निरोप : त्या बेटावर जायला तीन वस्तू लागतात, त्या तिघांकडे सोपवल्या आहेत, त्यांचे वंशज जपतील. हत्यार नाही, खजिना नाही. भीती सोसून मिळालं काय, तर माहिती.

आता अनुभव जात नाही म्हटलं, त्याला एक मोठी खोट आहे. यंत्र बंद केलं की सगळंच जाई. त्या डबीत काही साठवायची सोय नव्हती. म्हणून राजा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे, वीस अक्षरांचा, निरर्थक. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी अचूक भरायचा. जपानी ‘मे’ आणि ‘नु’ ही अक्षरं पाहा. शेवटच्या एका गाठीचाच फरक, आपल्या ‘घ’ आणि ‘ध’सारखा. टीव्हीच्या अंधुक पडद्यावरून, जेवायला ये म्हणून आई हाका मारत असताना उतरवलेलं. एक गाठ चुकली की यंत्र म्हणे, मंत्र चुकला. कुठं, ते सांगत नसे. मग मुलं संशयित अक्षरं एकेक बदलून बघत. जपानमधल्या कितीतरी घरांत तशा वह्या होत्या.

१९८९ साली अमेरिकेत हा खेळ ‘ड्रॅगन वॉरियर’ नावानं गेला तेव्हा डबीत बॅटरी बसवली होती, नोंद डबीतच राही. जपानमध्ये ती सोय १९८८च्या तिसऱ्या भागात आली होती. पण ती बॅटरीही दगा देई. एखाद्या दिवशी यंत्र सुरू करावं तर काळीज चर्र करणारे सूर वाजत आणि नोंद पुसली गेल्याचं पडद्यावर येई. आणि या वेळी ताडून बघायला वहीत काही लिहिलेलंच नसे.

तिसऱ्या भागाकडे, आणि तो घ्यायला शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांकडे, पुढच्या वेळी येऊ. आता काही विचारायचं असेल तर विचारा.