तोफगोळ्याची किंमत आणि एका परीक्षेचा जन्म

१/ ऑगस्ट १९१९. ब्रिटनचे पंतप्रधान लॉईड जॉर्ज हाऊस ऑफ कॉमन्समध्ये एका तोफगोळ्याचा हिशेब मांडत होते. युद्धसामग्री मंत्रालय स्थापन झाले तेव्हा १८ पौंडी तोफेचा गोळा २२ शिलिंग ६ पेन्सला पडत असे. उत्पादनखर्चाची तपासणी सुरू झाल्यावर तो १२ शिलिंगांवर आला. (मंत्र्याने आपल्याच जुन्या खात्याविषयी दिलेला आकडा आहे; जपूनच वापरावा.)

२/ १९१५ मध्ये आघाडीवर गोळ्यांचा तुटवडा होता. खरेदीदार एकटे सरकार आणि तेही घाईत. अशा वेळी स्पर्धेतून भाव ठरणे अशक्य. म्हणून अनेक कंत्राटांत ‘खर्च अधिक ठरावीक नफा’ असे सूत्र आले. नफा खर्चाच्या टक्केवारीत असेल, तर खर्च वाढवणाऱ्यालाच अधिक लाभ! त्याहून मोठी अडचण अशी की, एका गोळ्याचा खर्च नेमका किती, हे पुष्कळ कारखानदारांनाही सांगता येत नसे. पोलाद आणि मजुरी मोजता येते; पण मुकादमाचा पगार, यंत्राची झीज, जागेचे भाडे यांचा किती अंश एका गोळ्यावर टाकायचा? परिव्यय लेखांकन, अर्थात कॉस्ट अकाउंटिंग, या प्रश्नाभोवती उभे आहे.

३/ इंग्लंडमधील चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेला १८८० मध्येच राजसनद मिळाली होती. तिथे प्रवेश म्हणजे साधारणतः पाच वर्षांची उमेदवारी. बहुधा वेतन नाहीच, उलट गुरूलाच शुल्क द्यायचे. सुखवस्तू घरांतील मुलांना ते परवडे. कारखान्यात बसून गोळ्याचा खर्च काढणाऱ्या कारकुनाला नव्हे.

४/ १९१९ मध्ये लंडनला ‘इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स’ उभी राहिली. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांत किंवा टपालाने येणाऱ्या धड्यांवर अभ्यास करून परीक्षा देणाऱ्यांचा हा मार्ग होता. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो येथे जे. ली निकोल्सन यांच्या पुढाकाराने अशीच संघटना निघाली. तेही युद्धकाळात लष्करी सामग्रीच्या खर्चाचेच काम पाहत होते. मात्र त्या संघटनेची सीएमए परीक्षा १९७२ मध्ये सुरू झाली.

५/ लंडनच्या संस्थेने १९२३ मध्ये राजसनदेसाठी अर्ज केला. प्रस्थापित लेखापालांनी विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. सनद मिळाली १९७५ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी! तोवर अर्जदारांची पिढी निवृत्त होऊन गेली होती.

६/ भारतातही निमित्त युद्धकाळाचेच. १९४४ मध्ये ब्रिटिश नमुन्यावर, त्याच नावाची संस्था कंपनी म्हणून नोंदली गेली, मुख्यालय कलकत्ता. चार्टर्ड अकाउंटंटांचा कायदा १९४९ चा, तर कॉस्ट अकाउंटंटांना स्वतःच्या कायद्यासाठी १९५९ पर्यंत थांबावे लागले. पुढे १९६५ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने ठरावीक उद्योगांना खर्चाच्या नोंदी ठेवण्यास भाग पाडण्याचा आणि त्या तपासून घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. नियंत्रित भावांच्या त्या काळात गोळ्याच्या जागी सिमेंटचे पोते आले. प्रश्न तोच राहिला.

७/ नावातील ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना. ब्रिटिश संस्थेने हा शब्द १९७२ मध्ये वगळून त्या जागी ‘मॅनेजमेंट’ घेतला. भारतीय संस्थेच्या नावातून तो २०१२ मध्ये गेला.