ग्वारानी जलधर : करार आणि लोकसहभाग

ब्राझील, अर्जेंटिना, पॅराग्वे आणि उरुग्वे या चार देशांखाली सुमारे 11 लाख चौ. किमी. पसरलेला वालुकाश्मातील भूजलसाठा. ब्राझीलमधील रिबेराओ प्रेतो हे मोठे शहर पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्यावरच अवलंबून आहे. उरुग्वेतील साल्तो येथे खोल कूपनलिकांतून येणारे ऊन पाणी पर्यटकांच्या स्नानकुंडांत जाते.

उरुग्वेचे रिव्हेरा आणि ब्राझीलचे सांताना दो लिव्ह्रामेंतो ही शहरे एकमेकांना खेटून आहेत. सीमा भर वस्तीतून, एका सामाईक चौकातून जाते. जलधर येथे पृष्ठभागाशी उघडा पडलेला. त्यामुळे एका देशातले मैलापाणी मुरले, की दुसऱ्या देशाच्या कूपनलिकेला धोका. जागतिक बँक व अमेरिकी राष्ट्रांची संघटना यांच्या सहभागाने 2003 ते 2009 या काळात चाललेल्या प्रकल्पाने हा भाग चार पथदर्शी क्षेत्रांत घेतला आणि स्थानिक समित्या नेमल्या. पाण्याची झळ ज्यांना बसणार, ते लोक निदान बैठकीला तरी आले.

जलधराविषयी चार देशांनी केलेल्या करारात मात्र त्यांना जागा मिळाली नाही. 2 ऑगस्ट 2010 रोजी अर्जेंटिनातील सान हुआन येथे झालेला हा करार प्रत्येक देशाचे आपापल्या भागावरील सार्वभौमत्व ठासून सांगतो. माहितीची देवाणघेवाण आहे, पण ती सरकारांमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2008 मध्ये दखल घेतलेली सीमापार जलधरांविषयीची 19 मसुदा-कलमेही याच वळणाची आहेत. करार त्यांचा हवाला देतो.

लोकांना खरा हक्क मिळाला तो देशांतर्गत कायद्यातून. पाणीपुरवठ्याच्या खाजगीकरणाविरुद्ध उरुग्वेत कामगार संघटना व नागरिकांनी सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतदानाला आणली. 31 ऑक्टोबर 2004 रोजी अध्यक्षीय निवडणुकीबरोबरच 60 टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती मंजूर केली. घटनेच्या 47व्या कलमानुसार पाण्याचे नियोजन, व्यवस्थापन आणि नियंत्रण या सर्व टप्प्यांवर वापरकर्ते व नागरी समाज सहभागी असतात. हा हक्क अर्थातच सीमेपाशी थांबतो. पलीकडच्या सांतानावासीयांना तो लागू नाही.

प्रादेशिक पातळीवर ही उणीव काही अंशी 2018 चा एस्कासू करार भरून काढतो. पर्यावरणविषयक माहिती, निर्णयातील सहभाग आणि न्याय मिळण्याचा हक्क तो देतो. उरुग्वे व अर्जेंटिना त्याचे सदस्य आहेत. 2010 चा ग्वारानी करार मात्र नोव्हेंबर 2020 मध्ये अमलात आला. त्यातील संयुक्त आयोगात नागरिकांच्या प्रतिनिधींची तरतूद नाही.