आयसीयूतला डॉक्टर नेमका कोण असतो? थोडा इतिहास, थोडं विम्याबद्दल

बेलवलीतून ॲम्ब्युलन्स निघाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "आयसीयूत बेड आहे का?" दुसरा, "कार्ड चालेल का?" तिसरा प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात: तिथे डॉक्टर कोण आहे? हा प्रश्न का सुचत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रुग्णालयात येत होती आणि 'आयर्न लंग' नावाचं यंत्र तिथे एकच होतं. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. २७ ऑगस्टला त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग प्रत्येक रुग्णाशेजारी पाळीपाळीने पिशवी दाबायला वैद्यकीय विद्यार्थी बसले, सुमारे दीड हजार जण! मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कक्षात यंत्रं जवळपास नव्हतीच. रुग्णाशेजारी चोवीस तास बसणारा, शिकलेला माणूस होता. अतिदक्षता या शब्दातली 'दक्षता' ती हीच.

आपल्याकडे १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरुग्णांसाठी अतिदक्षता कक्ष सुरू झाला. जे.जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर अशी सेवा उभी केली. धनुर्वातात शरीर कमानीसारखं ताठतं, झटके येतात, श्वास अडतो. त्यावर जादूचं औषध नाही. गळ्यातली नळी, कृत्रिम श्वास आणि आठवडेच्या आठवडे केलेली शुश्रूषा यांवरच रुग्ण तरतो. अशा १५० रुग्णांचा अनुभव उदवाडियांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी 'अतिदक्षता तज्ज्ञ' अशी वेगळी पदवीच नव्हती. फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ आवडीने हे काम शिकत.

९ ऑक्टोबर १९९३ रोजी मुंबईत 'इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन' ही संघटना स्थापन झाली आणि तिने स्वतःचे अभ्यासक्रम सुरू केले. म्हणून डॉक्टरांच्या पाटीवर 'आयडीसीसीएम' दिसतं. ते या संघटनेच्या पदविकेचं नाव. 'एफएनबी' ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप. 'डीएम' आणि 'डीआरएनबी' या एमडीनंतरच्या तीन वर्षांच्या पदव्या. त्या बऱ्याच उशिरा आल्या. मुंबईचं टाटा मेमोरियल डीएम सुरू करणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांपैकी. डीएम नाही म्हणजे डॉक्टर कच्चा, असा अर्थ कृपया काढू नका. ज्यांच्याकडून आमची पिढी हे शास्त्र शिकली, त्यातल्या कित्येकांकडे ही पदवी नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती! डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, हे मात्र कुणालाही तपासता येतं.

पदवीपेक्षा मला मोठा वाटणारा प्रश्न रात्री तीन वाजताचा आहे. आमच्या उपनगरांतल्या अनेक छोट्या रुग्णालयांत तज्ज्ञ राउंडला येतात आणि मग पुढच्या रुग्णालयात जातात. एकच तज्ज्ञ दिवसात तीन-चार ठिकाणी फिरतो. मीही फिरलो आहे. मध्ये रुग्णाजवळ असतो तो निवासी डॉक्टर आणि सिस्टर. एकदा मी दुसऱ्या रुग्णालयात असताना फोन आला, "सर, सॅच्युरेशन पडतंय." सबवेत पाणी भरलेलं, गाडी अडकलेली. त्या रात्री रुग्ण वाचला तो फोनवरून ऐकत नळी टाकणाऱ्या निवासी डॉक्टरमुळे. म्हणून विचारा: रात्री नळी टाकू शकणारा डॉक्टर इमारतीत असतो का? एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? तज्ज्ञ दिवसातून किती वेळा येतात? या प्रश्नांचा राग येणारं रुग्णालय असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

आता कार्ड. परदेशातल्या नातेवाइकांकडून आपण ऐकतो की तिथे डॉक्टर स्वतः विमा कंपनीशी जोडलेला असतो. आपल्याकडे करार रुग्णालयाचा असतो. "तुम्ही मेडिक्लेम घेता का?" हे मला विचारून उपयोग नाही, बिलिंग काउंटरला विचारा.

मेडिक्लेम १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणलं. जुन्या पॉलिसींत एक अट असे आणि काहींत अजूनही आहे: साध्या खोलीला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, आयसीयूला २ टक्के. म्हणजे तीन लाखांच्या पॉलिसीत आयसीयूचे दिवसाला सहा हजारच. वरचे तुम्ही भरायचे. दहा दिवसांचा हिशेब करून बघा. ही अट घरी शांतपणे वाचायची आहे, रात्री दोन वाजता काउंटरवर नव्हे. मे २०२४ च्या नियमानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी कंपनीने तासाभरात द्यायची आहे आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत.

सरकारी योजनेची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ मध्ये राज्यभर आली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं आहे. पण एक मेख आहे. रुग्णालय योजनेत असलं तरी ते ठरावीक विभागांसाठीच असू शकतं. बाहेर बोर्ड दिसतो, डायलिसिस योजनेत होतं, पण व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया तिथे बसत नाही, असं घडतं. त्यामुळे "योजना आहे का?" एवढंच न विचारता "या आजारासाठी आहे का?" असं आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८.

आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आयसीयूचा दिवसाचा दर त्यात असतो. रुग्णाला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर बसाल तेव्हा भिंतीवर ते शोधा. दिसलं नाही तर मागा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.